पदवीधर १ टक्का वाढवा, पगार २ टक्के वाढेल?

फिरणारा दावा असा : ‘शहरात पदवीधर १ टक्का वाढले की अशिक्षितांचाही पगार २ टक्के वाढतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. गावोगावी कॉलेजं काढा, शहरं श्रीमंत होतील.’

‘१ टक्का’ : आकडा अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्तींच्या २००४च्या अभ्यासातला. तिथे वाढतो तो पदवीधरांचा वाटा, १ टक्केबिंदूने. १०० कामगारांत २५चे २६. म्हणजे पदवीधरांच्या संख्येत ४ टक्के वाढ.

‘अशिक्षित’ : नाही. बारावी न झालेल्यांचा पगार १.९, बारावी झालेल्यांचा १.६ आणि पदवीधरांचा जेमतेम ०.४ टक्के वाढला.

‘सिद्ध’ : खरी गोम इथे आहे. पदवीधरांकडून बाकीचे शिकतात म्हणून पगार वाढतो, असं दाव्यात धरलंय. पण पदवीधर मुबलक झाले की बाकीचे तुलनेने कमी पडतात आणि त्यांचा भाव चढतो. हा साधा मागणी-पुरवठा. यात कोणी कोणाकडून काही शिकलेलं नसतं. म्हणून १.९पेक्षा ०.४ बोलका : पुरवठा वाढूनही पदवीधरांचा भाव पडला नाही, तर थोडा चढला. शिवाय सरासरी फसवते. समजा, पदवीधराला ४० हजार आणि इतरांना २० हजार मिळतात. २५चे २६ झाले की सरासरी २५,०००वरून २५,२००वर जाते, आणि पगार मात्र एकाचाही वाढलेला नसतो. चिकोने आणि पेरी या अर्थतज्ज्ञांनी २००६मध्ये पदवीधर-इतर हे मिश्रण स्थिर धरून अमेरिकेचे १९७० ते १९९०चे आकडे तपासले. शिक्षण झिरपल्याचा, म्हणजे एकाच्या शिक्षणाचा फायदा दुसऱ्याला झाल्याचा, पुरावा मिळाला नाही. (असा फायदा नसतो म्हणणारे सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांवरचा २०००चा अभ्यासही पुढे करतात. पण ते कायदे शाळेची वर्षं वाढवतात, कॉलेजची नाही.)

‘कॉलेजं काढा’ : मोरेत्तींनी अमेरिकेत १८६२च्या, कॉलेजांसाठी जमीन देणाऱ्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कॉलेजांचा आधार घेतला, हे खरं. पण त्या कॉलेजांना शंभरावर वर्षं मिळाली होती. नव्या कॉलेजातली पोरं पदवी घेऊन पुण्याला गेली, तर वाटा पुण्याचा वाढतो, गावाचा नाही.

मग फायदा शून्यच? तसंही नाही. कारखान्यांच्या आकड्यांत मोरेत्तींना तो दिसला, आणि आपसात जास्त व्यवहार असलेल्या उद्योगांत जास्त दिसला. पण १९८०च्या दशकात त्याने उत्पादनात घातलेली भर सरासरी वर्षाला ०.१ टक्का, आणि तीही बहुतेक मजुरीच्या वाढीव खर्चात जिरली.