शेवंतीचा केसपेपर

माणूस आजारी पडला की सांगतो. कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगतो. गाय चारा सोडते, कुत्रा कोपरा धरतो, मांजर निदान आपल्याकडे बघून तोंड तरी वाकडं करतं. कोंबडी मात्र शेवटच्या घटकेपर्यंत 'आमचं उत्तम चाललंय' असा चेहरा ठेवते. त्यात तिचा दोष नाही. जी जरा ढिली पडली तिला बाकीच्या टोचून काढतात आणि मुंगूस आधी तिलाच उचलतो, तेव्हा दुखणं लपवणं हा तिच्या जातीचा जुना शिरस्ता आहे. त्यामुळे होतं काय, की कोंबडी आजारी आहे हे आपल्याला कळेपर्यंत ती आजारी पडून बरेच दिवस झालेले असतात, आणि 'इतके दिवस तुमचं लक्ष कुठे होतं?' हा प्रश्न घरात कुणाला तरी विचारावाच लागतो.

आमच्याकडे तो मला विचारला गेला. वास्तविक कोंबड्या ह्यांनी आणलेल्या. निवृत्तीनंतर चिपळूणजवळच्या घरी कायमचं राहायला आल्यावर ह्यांना शेतीचे झटके येत. त्यातल्या एका झटक्यात परसात खुराडं उभं राहिलं. दोन वनराज नावाच्या सुधारित जातीच्या, बाकी गावठी. त्या गावठीतली तांबूस पिवळी ती शेवंती. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्यांच्या डोक्यांवरून पहिली उडी तिची. दाणे टाकणाऱ्या हातालाही चोच मारून घेणार, उगाच कुठे राहिला असेल तर.

दिवाळी झाली, भात घरात आला, मळणीतला सांडलेला दाणा टिपून बाकीच्या गुबगुबीत झाल्या, आणि ही जास्वंदीखाली अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून उभी. मधूनच मान पुढे काढायची, एका बाजूला पीळ द्यायची, परत आत घ्यायची. लग्नात घट्ट कॉलरचा शर्ट घातलेला माणूस करतो ना, अगदी तसं.

पहिली तपासणी सासूबाईंनी केली. त्यांनी शेवंतीला उचलून काखेत मारलं, उलटं करून पोटावरच्या पिसांत फुंकर घातली आणि सांगितलं, "खुडूक नाही." हे महत्त्वाचं. परसातल्या कोंबडीने अंडी बंद केली की पहिला संशय खुडुकीचाच. खुडूक कोंबडी एकवीस दिवसांची रजा मनातल्या मनात मंजूर करून रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसते. खाली अंडं असो, दगड असो, काही नसो. पण खुडूक कोंबडी आजारी नसते, ती तापट असते. हात घातला की फुगते, कुरकुरते, मनगट फोडते. मग तिला पाण्यात बुचकळून काढा, नाहीतर नाकात पीस खुपसा, असले उपाय. (नाकातल्या पिसाला माझा विरोध आहे. तेवढ्यावरून कुणाचं मातृत्व काढून घेऊ नये.) शेवंती मात्र हात घातला तरी गप्प. तेच वाईट होतं.

पिसं झडायचा मोसम म्हणावा, तर तेही नाही. पावसानंतर दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या जुनी पिसं टाकतात, अंडी थांबवतात, तुरा फिका पडतो. पण शेवंतीचा हा कार्यक्रम गणपतीनंतरच उरकला होता. 'अंडं नाही' ही ह्यांची मुख्य तक्रार मी ऐकूनच घेतली नाही. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीस नुसत्या कवचाला. म्हणजे ती रोज थोडी उशिरा अंडं देणार आणि मधूनच एक दिवस खाडा करणार, हा तिचा हक्क आहे. ह्यांनी पस्तीस वर्षं नोकरी करून तेवढं हिशेबी काम केलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग बातमी फुटली आणि तज्ज्ञ यायला लागले. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक जण कोंबडीला स्वतःचाच आजार देतो आहे.

सासूबाईंचं म्हणणं, वात. "थंडी सुरू झाली. सांधे धरले असतील." ह्यांचं निदान ॲसिडिटी, कारण ह्यांच्या जगात दुसरं दुखणंच नाही; गुलाबी गोळीचा चतकोर कुटून पाण्यातून द्यावा इथपर्यंत मजल गेली. पुण्याहून लेकीने व्हिडिओ कॉलवर शेवंतीचा चेहरा नीट पाहून घेतला आणि म्हणाली, "आई, ती एकटी पडलीये गं. तिला स्पेस हवी आहे." लेकीने नुकतीच नोकरी बदलली होती. शेजारच्या काकींना दोन महिन्यांपूर्वी थायरॉईड निघालेला. त्या कुंपणावरूनच म्हणाल्या, "थायरॉईड! मरगळ बघ, आणि गळा बघ कसा सुजलाय." आम्ही सगळे हसलो. कोंबडीला थायरॉईड! काकी रागावून आत गेल्या.

डोंबिवलीच्या भाऊजींना फोनवर नुसतं 'मान' एवढंच ऐकू आलं. "मानमोडी! वहिनी, राणीखेत रोग तो." राणीखेतबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, कारण ते टूरबरोबर राणीखेतला जाऊन आलेत. आता मानमोडी म्हणजे चेष्टा नव्हे. मान मागे वळते, हिरवी हगवण लागते, धाप लागते आणि खुराडंच्या खुराडं साफ होतं. पण आमच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत पिल्लं असतानाच लसोटाचे, म्हणजे मानमोडीच्या लसीचे, थेंब पडले होते, आणि बाकीच्या पाचजणी पंगतीला बसल्यासारख्या खात होत्या. मानमोडी एकीवर थांबत नाही. हे मी भाऊजींना समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "ते झालं, पण मानमोडीने मोडण्यापेक्षा आपणच मोडलेली बरी नाही का? मी रविवारी येतोच आहे." भाऊजींच्या स्वतःच्या आजाराचं नाव रस्सा आहे.

कुणीतरी बर्ड फ्लूचंही नाव काढलं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाची घबराट ह्यांना अजून आठवते. हे काही बोलले नाहीत. फक्त खुर्ची उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि तिथून मला सूचना द्यायला लागले.

त्यातली एक सूचना तापाची होती. घरातला डिजिटल थर्मामीटर शेवंतीच्या पंखाखाली धरला. टीं टीं झालं. १०५ च्या वर! माणसाला एवढा ताप असता तर एव्हाना अँब्युलन्स आली असती. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की कोंबडीचं अंग असंच गरम असतं, एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस म्हणजे तिची तब्येत ठणठणीत. दिवा लावलेला होताच, तो विझवला नाही. थर्मामीटर मात्र आता कुणी तोंडात धरायला तयार नाही. स्पिरिटने पुसूनही नाही.

विष्ठेबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण हा लेख लोक जेवताना वाचतील. वर्तमानपत्र अंथरून पाहणी झाली. वर पांढरी टोपी आणि खाली करडं, हे बरोबर. पांढरं म्हणजे तिची लघवी. दर आठ-दहा खेपांनंतर एक खेप चॉकलेटी, चिकट आणि भयंकर वासाची येते, तीही बरोबर. ते ह्यांना माहीत नसल्यामुळे त्यांनी संपादकीय पानासकट फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. नेमका त्या दिवशी भाच्याचा साखरपुडा होता.

शेवटी डालग्यात घालून, वर ओढणी बांधून मी स्कूटरवरून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेली. माझ्यापुढे एक म्हैस, दोन शेळ्या आणि एक गाभण गाय. केसपेपर करणाऱ्याने विचारलं, "गाय की म्हैस?" मी ओढणी वर केली. त्याने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि प्रकाराच्या रकान्यात लिहिलं, 'इतर'. मालकाच्या रकान्यात ह्यांचं नाव घातलं. वयाला माझं विचारलं.

डॉक्टर कामात खांद्यापर्यंत बुडालेले होते, म्हणजे गाईच्या बाबतीत अक्षरशः. हात धुऊन आले आणि शेवंतीच्या पोटाला, पायाला, पंखाला न लागता त्यांनी सरळ मानेच्या बुडाशी, छातीच्या जरा वर दोन बोटं ठेवली.

"ही गळ्याखालची पिशवी. सकाळी रिकामी असते का?"

कोंबडीच्या गळ्याखाली पिशवी असते हे मला माहीत होतं, पण ती सकाळी रिकामी असते का, हे कुणी कुणाचं बघतं का? त्यांनी सांगितलं ते असं. कोंबडीला दात नसतात. खाल्लेलं आधी या पिशवीत जाऊन भिजतं, तिथून हळूहळू पुढे सरकतं, मग खडे गिळून ठेवलेल्या जाड पोटात त्याचं दळण होतं. म्हणून रात्री पिशवी टम्म आणि पहाटे सपाट. "आत्ता दुपारी कळायचं नाही. पहाटे, दाणा टाकायच्या आधी बघा. घट्ट लागली तर काहीतरी अडकलंय. चोचीशी वास घ्या. आंबट आला तर निराळं दुखणं."

पहाटे मी टॉर्च दातात धरून खुराड्यात शिरले. आधी वनराज चाचपली, म्हणजे बरोबर काय लागतं ते कळेल. पिसांखाली नुसती सैल कातडी, बोटं एकमेकांना भेटतात. मग शेवंती. पिसांत बोटं घातली आणि लिंबाएवढा गोळा हाताला लागला, दगडासारखा नाही, तिंबून विसरलेल्या कणकेसारखाही नाही. दाबला तर आत काड्या एकमेकींवर सरकल्यासारखं लागत होतं. तिने मान पिळली. म्हणजे हे रोज चाललं होतं: खाली जाईना, वर येईना, आणि ती बिचारी मान पिळून वाट करून बघत होती. वास घ्यायला हे तयार नव्हते. मी घेतला. कोंबडीचाच होता.

काकींनी गळा सुजलाय असं सांगितलं होतं, ते कुंपणाजवळ जाऊन मान्य करायचं काम ह्यांच्यावर सोपवलं आहे. अजून झालेलं नाही.

डॉक्टरांनी फोनवर उपाय सांगितला. दाणा बंद, हिरवं बंद, फक्त पाणी. ड्रॉपरने चोचीच्या कडेने थोडं गोडं तेल, आणि बोटांनी गोळा हलक्या हाताने चोळायचा. कोंबडीला उलटी धरून ओकवायला बघायचं नाही. श्वासनळीत गेलं तर आजार राहतो आणि कोंबडी जाते. मी वाटी घेऊन पायरीवर बसले, शेवंती मांडीवर, चोच उघडली, आणि चोचीच्या कोपऱ्यात तपकिरी, ताठ, बोटभर लांब असं काहीतरी दिसलं.

काथ्या.

ह्यांनी आणि मी एकदमच मागल्या दाराकडे बघितलं. तिथलं काथ्याचं पायपुसणं पावसाळ्यापासून एका कोपऱ्याला टक्कल पडत चाललं होतं. माल फसवा दिला म्हणून हे दुकानदाराशी भांडूनही आले होते. टक्कल पडलेला कोपरा बरोबर तिथला, जिथे सासूबाई रोज सकाळी पेजेचं भांडं विसळून टाकतात. पेजेत भिजलेला काथ्या खाण्यासारखा लागत असणार. शेवंतीने तो मूठभर तरी उपसला असेल. सासूबाई तेव्हा तुळशीला पाणी घालत होत्या आणि बराच वेळ घालत राहिल्या. त्या दिवशी तुळस वाहून जायची बाकी होती. कुणी काही बोललं नाही. पायपुसणं मात्र संध्याकाळी नाहीसं झालं.

मग तेल आणि मालिश. सकाळ, दुपार, संध्याकाळ. गोळा आधी मऊ झाला, मग लहान झाला, मग वर्तमानपत्रावर काथ्याचे तुकडे दिसायला लागले (फोटो काढला नाही, मी फोन लपवून ठेवला होता). मऊ भाताचं पाणी सुरू केलं. एका सकाळी दार उघडल्यावर तिने वनराजच्या डोक्यावर पाय देऊन उडी मारली आणि माझ्या अंगठीला चोच मारली.

रविवारी भाऊजी आले. बरोबर घरचा मसाला, पाव किलो. शेवंतीला अंगणात पळताना पाहून त्यांचा चेहरा उतरला; तरी "वा, वा, बरं झालं" म्हणाले. त्यांना अंड्यांचं कालवण केलं. मी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन पायरीवर बसले होते. शेवंतीच्या गळ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि तिला सोडून दिलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"कोंबडीचं नशीब बघ," त्या म्हणाल्या. "दिवसातनं तीनदा तेल. कोमट करून."

मी वाटी उचलायला लागले.

"असू दे गो," म्हणाल्या, आणि लुगडं जरा वर सरकवून डावा गुडघा माझ्यासमोर ठेवला. "हात तेलकट आहेतच."