इतिहासाचा पहिला धडा वर्षभर चालू द्या

जूनअखेर आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, इतिहासाला गाईड कोणतं घेऊ?" माझं उत्तरही दरवर्षी तेच. सातवी-आठवीच्या पोरांना इतिहासाचं गाईड घेऊच नका. यावर काही जण नाराज होतात. वहीत प्रश्नोत्तरं कमी दिसली की तक्रारही येते. म्हणून आमच्या तासाला काय चालतं आणि मुलांकडून माझी काय अपेक्षा असते, ते एकदा सविस्तर लिहिते.

बालभारतीचं आठवीचं इतिहासाचं पुस्तक मी इतकी वर्षं शिकवते आहे. त्याचा पहिला धडा 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक. सातवीतही सुरुवात तिथूनच. बहुतेक वर्गांत हा धडा आठवडाभरात उरकतो, टिपा लिहून झाल्या की संपला. मग उरलेलं वर्ष मुलं सनावळ्या आणि 'कारणे द्या' पाठ करत बसतात, आणि त्या धड्यात जे शिकवलं ते एकदाही हातात घेत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की इतिहासाच्या वर्गातली सगळी शिस्त या एका धड्यातून यायला हवी. तो वर्षभर चालला पाहिजे.

म्हणून तास असा सुरू होतो. मुलं वर्गात येतात तेव्हा फळ्यावर एक वाक्य लिहिलेलं असतं. समजा, 'देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नागपूर वसवले.' जागेवर बसायचं, वहीत तारीख टाकायची आणि पाच मिनिटं कुणाशी न बोलता लिहायचं : हे कशावरून कळलं असेल? उत्तर चुकलं तर चालतं, पान कोरं चालत नाही. मग मी एकेकाला विचारते. कुणी नागपूरच्या महाल भागातल्या गोंड किल्ल्याचं नाव घेतं, कुणी जुन्या कागदपत्रांचं. एक जण हमखास म्हणतो, "मॅडम, त्याचा पुतळा आहे ना!" मग पुतळा कुणी बसवला, कधी बसवला? तो बख्त बुलंदच्या काळाबद्दल सांगतो, की त्याची आठवण जपणाऱ्यांच्या काळाबद्दल? यावर वर्ग दहा मिनिटं तावातावाने भांडतो, आणि ते भांडण मला हवं असतं. बोलताना हात वर करायचा, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. एवढं पाळलं की आवाज चढला तरी मी गप्प करत नाही.

वहीचीही एक पद्धत आहे. उजव्या पानावर पुस्तक काय म्हणतं ते. डावं पान मुलाचं : त्याचा प्रश्न, आजोबांकडून ऐकलेलं, पाहून आलेली जागा. मी तपासताना आधी डावं पान पाहते. पालकांना वाटतं की याला गुण कुठे आहेत? आहेत. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प ही साधनं लेखी चाचणीइतकीच अधिकृत आहेत. आपण ती मनावर घेत नाही, एवढंच.

गाईडला माझा विरोध इथूनच येतो. गाईडमध्ये उत्तर असतं, ते कशावरून आलं हे नसतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इतिहासाचं तेच. वर्गात "मोबाईलमध्ये वाचलं" हे उत्तर मी धरत नाही. कुणी लिहिलं, केव्हा, त्याला कसं माहीत, हे सांगता आलं तर जरूर सांग.

पोळ्यानंतरचा एक तास सांगते. मारबत म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो पुतळा. तिची मिरवणूक पाहून आलेली पोरं जोरात असतात. आठवीतला एक जण म्हणाला, "काळी मारबत म्हणजे बांकाबाई. थे इंग्रजाले जाऊन मिळाली होती." मी विचारलं, कशावरून? "माझी आजी सांगते ना." मागच्या बाकावरून लगेच आलं, "आजीले कोनं सांगतलं?" अख्खा वर्ग शांत. आम्ही 'मौखिक' असं लिहून ते फळ्याच्या एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला लिखित मांडलं. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस पुत्र नव्हता, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, राजवाड्यातली चीजवस्तू लिलावात गेली. बांकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी. मग एका मुलीने विचारलं, "तं मग मारबत डलहौसीची काऊन नाही काढत?" यावर माझं मत आहे. लोकांच्या रागाला चेहरा लागतो आणि तो आपल्यातल्याच एका बाईचा असला की सोपं पडतं, असं मला वाटतं. पण ते मी तेव्हा सांगितलं नाही. तो प्रश्न तिच्या डाव्या पानावर आहे आणि तिथेच राहावा.

एका नियमात मात्र मी तसूभरही सूट देत नाही. इतिहासात कुणी काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेल्या आणि १७५१ च्या तहात अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, हे शिकवलं की एखादा ओरडतोच, "आपण बंगाल लुटला!" त्याला मी वाक्य बदलून पुन्हा म्हणायला लावते : रघुजींच्या फौजेने. त्याच बाकावर गोंड, मुस्लिम, बौद्ध, हलबा घरांतली लेकरं बसलेली असतात. कुणाच्याही आडनावाकडे, धर्माकडे बोट दाखवून तीनशे वर्षांपूर्वीचा हिशेब मागितला गेला, तर तास तिथेच थांबतो. आधी तो विषय मिटतो, मग धडा पुढे जातो.

आता मुख्याध्यापकांसाठी. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की तिच्या तयारीसाठी इतिहासाचे तास गणिताला जातात. हे बंद व्हायला हवं. आठवीचा शेवटचा धडा महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा. बहुतेक शाळांत मार्चमध्ये तो नुसता वाचून सोडतात, आणि नागपूरच्या मुलासाठी तोच तर सगळ्यात जवळचा आहे! १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मी हा धडा डिसेंबरात घेते, कारण तेव्हा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांमुळे मुलांच्या ऑटो अडकतात आणि त्यांना स्वतःच विचारावंसं वाटतं की अधिवेशन इथे का भरतं. मग १९५३ चा नागपूर करार वाचायचा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं त्यातच ठरलं. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तीही वाचायची. घरून कुणी वेगळ्या विदर्भाचं मत घेऊन येतं, कुणी अखंड महाराष्ट्राचं. दोन्ही चालतात. मताखाली आधार लिहिलेला हवा.

पालकांकडून मला फार काही नको. सीताबर्डीचा किल्ला १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला लोकांसाठी उघडतो, तिथे मुलांना घेऊन जा. भोसले आणि इंग्रजांची १८१७ ची लढाई त्या टेकडीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, एखादा रविवार द्या. आणि घरात आजोबांचा एम्प्रेस मिलचा पास, जुनं रेशनकार्ड, जमिनीचा कागद, लग्नपत्रिका, काहीही असलं तर पोळ्याच्या आधी फोटो काढून पाठवा. मूळ कागद दप्तरात देऊ नका, तो घरीच राहू द्या. फोटोच्या मागे तो कुणाचा आणि कोणत्या सालचा, एवढं मुलाच्याच अक्षरात हवं.