कुंद्याचे दुकान, भट्टी आणि ‘स्टार्टअप’

काल संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका मित्राच्या पुतण्यावरून. त्याने कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, घरपोच देणारे दुकान काढले असून उद्घाटनाच्या पत्रिकेवर ‘आमचे स्टार्टअप’ असे छापले आहे. उद्यमबागेत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, चालवणारा मित्र उखडला. “माझ्या वडिलांनी भट्टी पेटवली तेव्हा तीही नवीच होती की! त्यांना कुणी हा शब्द का लावला नाही?”

मी म्हटले की त्यांना तो लागूच नव्हता, आणि त्यात त्यांचा कमीपणा मुळीच नाही. ओतीव कामाला गिऱ्हाईक आहे हे त्यांना ठाऊक होते; भांडवल, कारागीर आणि वेळेवर माल एवढ्यावर त्यांची जोखीम होती, आणि ती मोठीच होती. स्टार्टअप चालवणाऱ्याला मात्र आपली वस्तू कुणाला हवी आहे का, पैसे कोण देणार, हेच आधी शोधावे लागते. ते सापडले, तर माणसे आणि जागा त्या प्रमाणात न वाढवताही धंदा कितीतरी पटींनी वाढू शकतो.

पुतण्याच्या काकांनी सरकारी व्याख्या पुढे केली. 2016 साली सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेच्या 2019 च्या अधिसूचनेत नोंदणीपासून 10 वर्षे आणि 100 कोटी रुपयांपर्यंतची उलाढाल, अशा मर्यादा होत्या. दुकान तर त्यांत सहज बसले असते! पण त्याच अधिसूचनेत नावीन्याची किंवा मोठ्या विस्ताराच्या क्षमतेची अटही होती, आणि एकट्याच्या मालकीचे दुकान त्या व्याख्येत मुळातच बसत नव्हते.

आमचे शिक्षक मित्र म्हणाले, “इथली कन्नड वृत्तपत्रे ‘नवोद्यम’ लिहितात, आपणही तोच शब्द घेऊ या.” मला शंका होती की त्यातही केवळ नवेपणाच दिसतो, म्हणजे घोटाळा तसाच राहील. त्यावर त्यांनी विचारले, “‘स्टार्टअप’चा शब्दशः अर्थ तरी ‘सुरुवात’ याहून अधिक काय आहे? बाकीचा अर्थ वापराने आला, तसा तो ‘नवोद्यम’लाही येईल.” हे मला पटले. दोन्ही भाषांतल्या पाट्या वाचत वाढलेल्या आम्हा लोकांना तो शब्द परका वाटण्याचे कारणही नाही.

काकांनी शेवटी विचारले, “पोराने कुंदा महिनाभर टिकवण्याची नवी रीत शोधून तो देशभर पाठवला तर?”

“मग पत्रिकेवर ‘नवोद्यम’ मी स्वतः छापून देईन,” फाउंड्रीवाला म्हणाला.