दोन गड्डे लसूण

रविवारी सकाळी आमच्याच खळ्यात, चार माणसांच्या देखत, माझ्या तोंडाची किंमत ठरली. दोन गड्डे लसूण. त्यातला एक पोकळ निघाला.

झालं ते असं. भंगारवाल्याचा टेम्पो आला. 'लोखंड, पत्रा, प्लॅस्टिऽक, जुनी बॅटरीऽ, बदल्यात लसूऽण' अशी त्याची कॅसेट पार व्हाळापलीकडून ऐकू येते. मी न्हाणीघरामागे दोन वर्षं साठवलेली पिशवी उचलली आणि धावले. पिशवीत माझ्या क्रीमच्या डब्या, लोशनच्या बाटल्या, ट्यूबा, पावडरींचे डबे. टाकवत नव्हते आणि ठेववतही नव्हते असे. धावले हीच चूक. धावणारं माणूस दिसलं की आमचे भाऊ चष्मा शोधतात.

भाऊ म्हणजे पलीकडच्या घरातले. पोस्टातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण जन्मभर पार्सलं तोलल्यामुळे वाडीत कुठेही तराजू निघाला की ते तिथे हजर. मासेवालीच्या तराजूखाली वाकून बघतात. तिने एकदा त्यांना बांगडा फेकून मारला होता. तो त्यांनी घरी नेला.

तर भाऊ आले, आणि भंगारवाल्याने पिशवी खळ्यात उलटी केली. शेणाने सारवलेल्या खळ्यात गुलाबी, सोनेरी, मोतिया झाकणं गडगडत गेली. एक तुळशीखाली जाऊन थांबलं.

"ह्यां सगळां तुझां?" भाऊंनी विचारलं.

"होय."

"एकटीचां?"

मी गप्प. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, नवरा चहा पीत होता. त्याचा कप मध्येच थांबल्याचं मला पाठमोरीला कळलं.

भाऊंनी एक डबी उचलली, चष्मा कपाळावर नेला, डबी नाकाशी धरली आणि पोस्टात पत्ता वाचायचे तशी खणखणीत आवाजात वाचायला लागले. "अँटी एजिंग. म्हंजे काय गे बाये?"

"वय दिसू नये म्हणून लावतत, भाऊ."

भाऊंनी डबीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत डबीकडे.

"मगे?" एवढंच म्हणाले.

भंगारवाला घाटावरचा, सभ्य माणूस. त्याने मान खाली घालून बाटल्या निवडायला घेतल्या. पण भाऊंना आता चव लागली होती. डबीच्या बुडाशी उघड्या डब्याचं एक बारीक चित्र असतं आणि त्यात १२ एम असं लिहिलेलं असतं, ते त्यांना सापडलं.

"बारा मीटर? बारा मीटर लांबसून लावूचा?"

"महिने, भाऊ. उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवूक होया."

"आणि ह्यां त्रिकोणात पाच? तुझो पाचवो नंबर इलो?"

तो प्लॅस्टिकच्या जातीचा नंबर. एक म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, दोन म्हणजे शाम्पूच्या जाड बाटलीचं, पाच म्हणजे झाकणाचं आणि डब्याचं. हे मला ठाऊक होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्यावर बरंच वाचलं होतं आणि त्या भरातच ही पिशवी सुरू झाली होती. मी ते खळ्यात उभी राहून समजावून सांगितलं. आता मागे वळून बघता वाटतं की तिथेच आवरतं घ्यायला हवं होतं, कारण त्रिकोण दाखवताना मी बोट ठेवलं ते नेमकं छापील किमतीच्या शेजारी.

"तीनशे नव्व्याण्णव!" भाऊ ओरडले. "ह्येचे?"

पुढची पाच मिनिटं मला विसरायची आहेत, पण वाडी विसरू देणार नाही. भाऊ एकेक डबी उचलत, किंमत वाचत आणि तोंडी बेरीज करत. मनीऑर्डरींचा हात आहे तो, चुकत नाही. "तीनशे नव्व्याण्णव, पाचशे एकोणपन्नास, नवशे अठ्ठेचाळीस. दोनशे पंच्याहत्तर. ह्यां बघ, सहाशे नव्व्याण्णव. झाले एक हजार नवशे बावीस, आणि अजून अर्धीय पिशवी झाली नाय!" समोरच्या काकी पाणी घालायचं सोडून गडग्यापाशी, दगडी कुंपणाला लागून, येऊन उभ्या राहिल्या. काही डब्यांवरची छपाई पुसलेली होती. भाऊंनी त्या बाजूला ठेवल्या आणि मला म्हणाले, "ह्येंचो आकडो तू सांग." जसं काही इन्कम टॅक्सची धाड.

वाचता आलेल्यांची बेरीज सहा हजार दोनशे अडतीस झाली. लोट्यावरून कप ठेवल्याचा आवाज आला.

इथे माझी बाजू सांगायला हवी. हे डबे मी वापरून बघितले नाहीत असं नाही. आमच्या आजीने अफगाण स्नोच्या बाटलीत कुंकवाखाली लावायचं मेण आयुष्यभर ठेवलं, पावडरच्या पत्र्याच्या डब्याने रांगोळी पसरली, त्या डब्याला गंज लागेपर्यंत त्याने काम केलं. रक्त तेच. म्हणून मी गुलाबाच्या क्रीमची डबी तीन वेळा सोड्याने धुऊन, चार दिवस उन्हात वाळवून तिच्यात तिरफळं भरली. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं, हे मला बांगड्याच्या तिखल्याने शिकवलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "ह्यो बांगडो खंयच्या बागेतलो?" मग लोशनच्या पंपाच्या बाटलीत कोकमचं आगळ भरलं. कल्पना चांगली होती, दाबलं की वाटीत एक धार. पण आगळ म्हणजे नुसतं मीठ आणि आंबट, पंपातली स्प्रिंग गंजून अडकली आणि मी जोर लावल्यावर धार वाटीत न जाता पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. जावयाचे वडील होते. अजून डाग आहे म्हणतात. लग्नातला सदरा.

ट्यूबांचं तर काहीच होत नाही. कापून आतलं बोटाने काढावं, संपलं.

आणि भंगारवाल्याचंही तेच म्हणणं पडलं. "ताई, हे पंप नाही चालत. आत स्प्रिंग, गोळी, तीन जातीचं प्लॅस्टिक. कोण सोडवत बसणार? ह्या ट्यूबच्या आत चंदेरी पत्रा चिकटलेला असतो, तो निघत नाही. ही पांढरी काच कुणी उचलत नाही. आणि ह्या डब्या," त्याने सहाशे नव्व्याण्णववाली डबी उघडून अंगठा आत घातला, "बघा, डबल भिंत. बाहेरून मोठी, आत लहान."

भाऊंनी डबी घेतली, आत बोट घातलं, बाहेर बोट फिरवलं. बराच वेळ बोललेच नाहीत. मग हळू म्हणाले, "म्हंजे मदी हवा इकली तुका."

ते मला फार लागलं. कारण खरंच होतं. पन्नास ग्रॅम क्रीम पाऊण पावाच्या तोऱ्यात विकायचं, म्हणून ती भिंत. सोनेरी झाकण कशासाठी, तर झाकण सोनेरी आहे म्हणून. रिकामी डबी दुकानात नेऊन पुन्हा भरून घ्यावी, तर आमच्या बाजारातला दुकानदार मला गोडंतेल भरून देईल. काही कंपन्या रिकामे डबे परत घेतात, पण मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानांत. मालवणातून एक डबी परत करायला मी रात्रीची कोकणकन्या पकडू काय? प्लॅस्टिक कचऱ्याचे नियम २०१६ साली आले, कंपन्यांनी आपलं वेष्टन निस्तरायचं हे त्यात आहे, २०२२ मध्ये त्याची सविस्तर तरतूदही झाली. मग खळ्यात भाऊंसमोर उभी मी का? पाऊस सरला की किनाऱ्यावर बघा, जाळ्याच्या दोऱ्या, चपला आणि त्यात रंग उडालेल्या ट्यूबा, झाकण घट्ट लावलेल्या. आपण झाकण किती मनापासून लावतो.

नवऱ्याने खळ्यात उतरून तोडगा सुचवला. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा डेपोची बाग केली आहे, लोक बघायला जातात, "पुढच्या रविवारी आपणही जाऊ, पिशवी घेऊन." त्याला सहा हजार दोनशे अडतीसचा हिशेब अजून करायचा होता, हे त्याच्या आवाजात होतं.

भंगारवाल्याने शाम्पूच्या जाड बाटल्या आणि काही झाकणं तेवढी घेतली. काटा लावला. भाऊ वाकले. चारशे ग्रॅम. "चारशे दहा आसा," भाऊ म्हणाले, आणि त्या दहा ग्रॅमवर दोघांची जी जुंपली तिच्यात माझी कुणालाच आठवण राहिली नाही. शेवटी दोन गड्डे लसूण. उरलेली पिशवी परत माझ्या हातात.

जाताना भाऊंनी ती सहाशे नव्व्याण्णववाली डबी मागून घेतली. मी दिली. कशाला, ते विचारलं नाही. तेवढीच एक कमी.

काल संध्याकाळी गडग्यावरून हाक आली. भाऊंच्या हातात डबी होती, नाइट रिपेअर लिहिलेली, आणि बोलताना ते तोंडावर हात धरत होते.

"बाये, वरची चार दातांची पट्टी रात्री झ्याक ऱ्हवता हेच्यात. पण खालची कवळी मावना नाय, मेली ती भिंत आड येता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरो डबो कधी संपतलो?"