अरे, बोरिस राहिलाच की!

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग फुटबॉल क्लबच्या कुठल्याही चाहत्याला विचारा, २००७ ते २०११ या काळातल्या आपल्या संघातले भारी खेळाडू कोण? गॅरी एब्लेट, जिमी बार्टेल, जोएल सेलवूड, मॅथ्यू स्कार्लेट, स्टीव्ह जॉन्सन, पॉल चॅपमन ही नावं धडाधड येतात. मग कॅमरन लिंग, मग जोएल कोरी. मग जरा वेळ जातो आणि कुणीतरी कपाळावर हात मारून म्हणतं, "अरे, बोरिस राहिलाच की!" लगेच सगळे माना डोलावतात आणि पुढची दहा मिनिटं फक्त त्याच्याबद्दलच बोलतात. इतक्या जिव्हाळ्यानं बोलतात की ऐकत राहावं. पण आठवतो तो शेवटी.

कोरी एनराइट. टोपणनाव बोरिस. जर्सी नंबर ४४. जिलाँगसाठी ३३२ सामने, तीन अजिंक्यपदं, सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे सगळ्या क्लबांमधून निवडलेल्या मोसमातल्या सर्वोत्तम संघात, निवड. एवढं करून ठेवलेला माणूस मागाहून आठवावा, हे मला फार वर्षं खटकतंय. आणि यात चाहत्यांचा दोष कमी, खेळ बघण्याच्या आणि बक्षिसं देण्याच्या पद्धतीचा जास्त, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

महाराष्ट्रातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडं. इथे ज्याला सगळे 'फुटी' म्हणतात तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. प्रत्येक संघाचे अठरा जण मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेनं मारला की गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', एकच गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही, मुठीनं ठोसून द्यावा लागतो. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून आलेली किक स्वच्छ झेलली तर 'मार्क', मग कुणी अंगावर यायचं नाही, निवांत किक मारायची. ऑफसाइडचा नियमच नाही. त्यामुळे बचावपटू आणि त्याचा आक्रमक अख्खा सामना एकमेकांना चिकटून असतात, ढकलाढकली करत, धापा टाकत.

एनराइट बचावातला. कधी हाफ-बॅक, कधी अगदी गोलजवळ बॅक पॉकेटला.

गाव किंबा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आयर द्वीपकल्पावरचं गव्हाच्या शेतांमधलं छोटंसं गाव. पर्थकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जिथे गुलाबी-करड्या गाला पक्ष्याचा एक अवाढव्य पुतळा उभा आहे आणि लोक गाडी थांबवून त्याच्यासोबत फोटो काढतात. जिलाँगपासून हजार किलोमीटरहून जास्त लांब. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे क्लब आळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, जिलाँगनं जोएल कोरीला आठव्या क्रमांकावर घेतलं, चॅपमनला ३१ व्या, लिंगला ३८ व्या आणि एनराइटला ४७ व्या. एकाच वर्षी हे चौघे! क्लबचं पुढचं दशक त्या दिवशी ठरलं, असं आज मागे वळून बघताना वाटतं. तेव्हा ४७ व्या क्रमांकाकडे कोण बघत होतं? पहिला सामना खेळायलासुद्धा त्याला २००१ साल उजाडलं.

आता २००७. जिलाँगनं १९६३ नंतर अजिंक्यपद पाहिलेलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं. आदल्या मोसमात संघ दहावा आला होता. आणि या वर्षी अंतिम सामन्यात पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी हरवलं, १६३ विरुद्ध ४४. अंतिम सामन्यातला एवढा मोठा विजय आजवर दुसरा नाही. त्या मोसमाच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात एकट्या जिलाँगचे नऊ जण होते. नऊ! बचावातलेच तिघे होते, स्कार्लेट, मिलबर्न आणि ईगन. एनराइट नव्हता. त्यानंतर मात्र २००८, २००९, २०१०, २०११ असं सलग चार वर्षं त्याला वगळणं निवड समितीला जमलं नाही. मग २०१३. आणि मग २०१६ मध्ये पुन्हा, वयाच्या ३४ व्या वर्षी, ज्या वयात बहुतेक जण गुडघ्यावर बर्फ लावून टीव्हीसमोर बसलेले असतात.

"सहा वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन झालेला माणूस दुर्लक्षित कसा?" असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. पण जाणकारांनी ओळखणं वेगळं आणि लोकांच्या तोंडी नाव असणं वेगळं. या खेळातलं सगळ्यात मानाचं वैयक्तिक पदक म्हणजे ब्राउनलो. ते ठरवतात मैदानातले पंच. प्रत्येक सामन्यानंतर तीन, दोन, एक अशी मतं द्यायची. आता पंच कुठे असतो? चेंडूजवळ. चेंडू कुणाच्या हातात सारखा असतो? मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या. मग मतं कुणाला? १९९३ मध्ये एसेंडनच्या गॅविन वँगनीननं बचावात खेळून ब्राउनलो जिंकलं, त्यानंतर तसा बचावपटू यादीत शोधून सापडत नाही. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक बघा. जिलाँगच्या त्या तीन विजयांत (२००७, २००९, २०११) ते अनुक्रमे स्टीव्ह जॉन्सन, चॅपमन आणि बार्टेल यांना मिळालं. तिघंही लायक, शंकाच नाही.

पण जिलाँग क्लबचं स्वतःचंही एक पदक आहे, कार्जी ग्रीव्ह्ज पदक. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं. (गंमत म्हणजे १९२४ मध्ये पहिलंवहिलं ब्राउनलो जिंकलेल्या जिलाँगच्याच खेळाडूच्या नावानं ते आहे.) इथे मतं असतात प्रशिक्षकांची. जे सामन्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघतात, कोण कुठे उभा होता, कुणी कुणाची चूक झाकली हे ज्यांना ठाऊक असतं. त्यांनी एनराइटच्या गळ्यात हे पदक दोनदा घातलं. २००९ मध्ये, म्हणजे एब्लेटनं ब्राउनलो जिंकलं त्याच वर्षी. आणि २०११ मध्ये.

२०११ कडे जरा थांबून बघा. २०१० संपता संपता एब्लेट गोल्ड कोस्टला गेला. देशातला सर्वोत्तम खेळाडू गेला, असंच सगळे म्हणत होते आणि ते खरंही होतं. प्रशिक्षक मार्क थॉम्पसनही गेला. ख्रिस स्कॉट नावाचा नवा, तरुण प्रशिक्षक आला. वर्तमानपत्रांनी जिलाँगचा काळ संपला असं लिहून टाकलं. समोर कॉलिंगवूड, आदल्या वर्षीचा विजेता, आणि त्या मोसमात जवळजवळ अजिंक्य. कॉलिंगवूड त्या अख्ख्या वर्षात तीनच सामने हरला, तिन्ही जिलाँगकडून, आणि त्यातला तिसरा म्हणजे अंतिम सामना. ३८ गुणांनी. सगळ्यात मोठा तारा निघून गेल्यानंतरच्या त्या मोसमात क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो एनराइट. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीवर त्याचं नाव पहिल्या पाचांत आलं पाहिजे.

तो नेमकं करायचा काय, हे टीव्हीवर कधीच नीट कळलं नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो. मला ते कळलं कार्डिनिया पार्कला, जिलाँगच्या घरच्या मैदानावर, गोलच्या खांबांमागे उभं राहून. हिवाळ्यातली दुपार, कोरिओ उपसागरावरून येणारा बोचरा वारा, आणि माझ्यापासून वीस-पंचवीस मीटरवर ४४ नंबरची पाठ. चेंडू अजून मैदानाच्या पार मध्यावर, सगळं स्टेडियम तिकडे बघतंय. हा मात्र चेंडूकडे एक नजर टाकतो, मान वळवून आपल्या माणसाकडे बघतो, पुन्हा चेंडूकडे. समोरचा संघ चेंडू जिंकतो, त्यांचा खेळाडू किक मारायला मान वर करतो, आणि त्याच क्षणी एनराइट आपला माणूस सोडून डावीकडे पळत सुटतो. माझ्या पोटात गोळा. अरे, माणूस मोकळा सोडला! किक येते ती बरोबर त्या डावीकडच्या जागी, जिथे स्कार्लेट दोघांमध्ये अडकलाय. एनराइट पोचलेला असतो. मूठ घालून चेंडू बाहेर ठोसतो, खाली पडलेला स्वतःच उचलतो आणि वीस मीटरची एक साधी किक सहकाऱ्याच्या छातीवर देतो. टाळ्या तुरळक. चार-पाच सेकंदांत चेंडू दुसऱ्या टोकाला, तिथे गोल, आणि सगळं स्टेडियम उभं. तेव्हा तो परत आपल्या माणसाजवळ येऊन उभा असतो, त्याच्या बरगडीला कोपर टेकवून.

कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होतं, कोपरा सांभाळणारा नेमका केव्हा पाऊल टाकतो हे फक्त खेळलेल्यांना दिसतं.

तो उंच बचावपटूंइतका उंच नव्हता, पण वेळ पडली तर उंच आक्रमकालाही धरायचा आणि पुढच्या मिनिटाला चपळ, ठेंगण्या आक्रमकामागे पळायचा. फार थोड्यांना हे दोन्ही जमतं. किक मारताना घाई नाही. चेंडू उगाच लांब भिरकावून देणं नाही. संघातले बाकीचे, विशेषतः अँड्र्यू मॅकी आणि जॉश हंट, मोकळेपणानं पुढे धावू शकायचे ते मागे हा आहे म्हणून. मैदानाबाहेरही तेच. मुलाखती कमी, वाद नाहीत. बातमी होण्यासारखं काही केलंच नाही त्यानं, खेळण्याशिवाय.

आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. फोर्डच्या इंजिन कारखान्यात आयुष्य काढलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जिलाँग हे फोर्डचं गाव. १९२५ पासून इथे फोर्डचा कारखाना होता आणि तेव्हापासूनच क्लबच्या मागे फोर्डचा पैसा. मला फुटी शिकवली ती या आजोबांनी, कुंपणाच्या पलीकडून, हातात पाण्याची नळी धरून. मी नवी होते तेव्हा त्यांना विचारलं होतं की तुमचा आवडता कोण. मला एब्लेट हे उत्तर अपेक्षित होतं. ते म्हणाले, "बोरिस." का विचारलं तर म्हणाले, "मी चाळीस वर्षं अशाच माणसांबरोबर काम केलंय. तो पाळीवर असला की आपण मशीनकडे पाठ करून चहा पिऊ शकतो."

२०१६ मध्ये एनराइटनं इयन नॅनकर्व्हिसचा ३२५ सामन्यांचा क्लबचा विक्रम मोडला. (पुढे सेलवूड आणि टॉम हॉकिन्स त्याच्याही पुढे गेले.) २३ सप्टेंबरला उपांत्य सामन्यात सिडनीकडून ३७ गुणांनी हार झाली आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. बरोबर दोन आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, फोर्डनं जिलाँगमधलं उत्पादन बंद केलं. त्या महिन्यात या गावात लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे. आजोबांना दोन्ही गोष्टींचं सारखंच वाईट वाटलं होतं. बाहेरच्या माणसाला हे अतिशयोक्त वाटेल. मी इथे राहते, मला वाटत नाही.

आता एक विनंती. २००९ च्या अंतिम सामन्याचं चित्रण कुठेही मिळालं तर शेवटचा क्वार्टर बघा. सेंट किल्डाविरुद्ध. थंडगार, ओला दिवस, चेंडू साबणासारखा निसटतोय. तीन क्वार्टर संपले तेव्हा जिलाँग सात गुणांनी मागे होतं. त्या शेवटच्या क्वार्टरमधल्या दोन गोष्टी सगळ्यांच्या लक्षात आहेत. एक, स्कार्लेटनं पायाच्या अंगठ्यानं एब्लेटकडे ढकललेला चेंडू. दोन, चॅपमनचा गोल. दोन्ही क्षण माझ्याही अंगावर काटा आणतात. जिलाँग बारा गुणांनी जिंकलं.

पण धावफलकाची दुसरी बाजू बघा. सेंट किल्डाचे एकूण गोल नऊ, आणि ते नऊच्या नऊ तिसऱ्या क्वार्टरपर्यंतचे. अख्ख्या मोसमात फक्त दोनदा हरलेला तो संघ, विजेतेपदासाठी १९६६ पासून थांबलेला, शेवटच्या क्वार्टरमध्ये जिवाच्या आकांतानं चेंडू पुढे टाकत होता आणि त्याला एकही गोल करता आला नाही. तीन बिहाइंड, बस्स. स्कार्लेट, हार्ली, मिलबर्न, हॅरी टेलर, मॅकी आणि एनराइट, या सगळ्यांनी मिळून ते दार लावून घेतलं होतं.

तेवढा क्वार्टर बघताना एकदा चेंडू सोडून ४४ नंबरकडे बघा. आणि जिलाँगचे जे जुने चाहते ही पोस्ट वाचताहेत, त्यांनी खाली कमेंटमध्ये बोरिसची आपापली आठवण लिहा. गोलची नको, अडवलेल्या गोलची लिहा.