‘त्या फक्त डोनट वाटायच्या’ हे खरं नाही

ठाण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोघातिघांनी टाकला. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की दुसऱ्या महायुद्धात आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन रेडक्रॉसच्या ज्या मुली सैनिकांसाठी परदेशात गेल्या त्या सुरक्षित जागी राहून कॉफी-डोनट विकायच्या, रेडक्रॉसने त्यात पैसे कमावले, असलं काम कोणीही करेल, आणि भारतीय बायकांचा तर या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. शेवटी टोला असा की म्हणून आज राख्या आणि फराळ पाठवणाऱ्या महिला मंडळांनी फुशारकी मारू नये. आम्ही नौपाड्यातल्या बायका दिवाळीला जवानांसाठी डबे भरतो, त्यामुळे मला राग आला हे खरंय, पण रागापेक्षा माहिती महत्त्वाची, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते विकण्याचं, कारण यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरंच जास्त पसरतं. १९४२ मध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी रेडक्रॉसला सांगितलं की इंग्लंडमधल्या सैनिकांसाठीच्या तुमच्या क्लबात जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे घ्या, कारण ब्रिटिश सैनिकांना त्यांच्या कॅन्टीनमध्ये पैसे मोजावे लागतात आणि अमेरिकन पोरांना सगळं फुकट मिळालं तर दोस्त सैन्यातच कटकट सुरू होईल. रेडक्रॉसचा याला विरोध होता पण शेवटी ऐकावं लागलं, आणि कित्येक सैनिकांच्या मनात तो राग म्हातारपणापर्यंत राहिला. पण हे सगळं शहरातल्या क्लबांचं झालं. क्लबमोबाईल म्हणून ज्या गाड्या छावण्यांपर्यंत आणि पुढे फ्रंटच्या मागोमाग जायच्या तिथे कॉफी आणि डोनट फुकटच होते. म्हणजे निर्णय सरकारचा, तोही क्लबपुरता, आणि शिव्या आजपर्यंत गाडीवरच्या मुलींना, हे मला अजिबात पटत नाही.

आता ‘कोणीही करेल’ बद्दल. क्लबमोबाईल इंग्लंडमध्ये १९४२ च्या शेवटी सुरू झाल्या, आधी लंडनच्या जुन्या बसमध्ये फेरफार करून आणि १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्यानंतर अडीच टनी जीएमसी ट्रकवर. एका गाडीवर साधारण तीन मुली, वय पंचविशीच्या पुढचं, बहुतेक कॉलेज झालेल्या आणि नोकरी केलेल्या, मुलाखती घेऊन निवडलेल्या. गाडीत डोनटचं मशीन, कॉफीच्या मोठ्या किटल्या, मागच्या बाजूला रेकॉर्ड प्लेयर, पुस्तकं, सिगारेटी, च्युइंगम. ते अडीच टनाचे ट्रक या मुली स्वतः चालवायच्या, चिखलातून, रात्री दिवे न लावता, आणि पोचल्यावर उकळत्या तेलापाशी तासन्‌तास उभं राहायचं, वर रांगेतल्या प्रत्येकाशी नीट बोलायचं कारण त्यातला कोण उद्या परत येणार नाही हे कुणालाच माहीत नसायचं. हो, घरच्या मुलीचा हसरा चेहरा दिसला की पोरांना बरं वाटेल हा हिशोब वरच्यांनी केलेला होताच, त्या मुलींनाही तो कळत होता आणि तो चेहरा थकल्यावरही टिकवायचा हे वेगळं ओझं. ज्या बाईने लग्नघरात दिवसभर पाहुण्यांचं केलंय तिला हे सांगावं लागणार नाही. व्हिएतनाममध्ये तर डोनट नावापुरतेच, तिथे २१ ते २४ वयाच्या पदवीधर मुली हेलिकॉप्टरने दूरच्या तोफखान्याच्या तळांवर उतरायच्या आणि स्वतः तयार केलेले प्रश्नमंजुषेचे खेळ घ्यायच्या. १९६५ ते १९७२ मध्ये अशा ६२७ जणी गेल्या. पगार मिळायचा, नाही असं नाही, पण पगारासाठी कोणी वर्षभर तिथे जात नाही.

‘सुरक्षित होत्या’ हे वाक्य लिहिणाऱ्याने काहीच वाचलेलं नाही. नॉर्मंडीतल्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांहून जास्त कबरी आहेत, त्यात बायका फक्त चार, आणि त्या चौघींतली एक एलिझाबेथ रिचर्डसन, क्लबमोबाईलवर काम केलेली, जुलै १९४५ मध्ये फ्रान्समध्ये विमान पडून गेली, तेव्हा युरोपातलं युद्ध संपलेलं होतं. व्हिएतनाममध्ये या कामातल्या तिघींचा जीव गेला: हॅना क्रूझ जीपच्या अपघातात, लुसिंडा रिक्टर आजारपणात आणि व्हर्जिनिया कर्श १९७० मध्ये कू ची तळावर, राहत्या जागी तिचा खून झाला, वय २१. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर या तिघींची नावं नाहीत, कारण त्या सैन्यात नव्हत्या.

भारतीय बायकांचा संबंध नाही म्हणे! १९१४ मध्ये लंडनच्या लायसियम या बायकांच्या क्लबात सैनिकांसाठी कपडे शिवले जात होते, सरोजिनी नायडू त्यात होत्या, आणि गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांनी बेतलेल्या कापडाचा ढीग समोर ठेवला आणि शिवून आणा म्हणून सांगितलं. महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीप सिंग इंग्लंडमध्ये रेडक्रॉसची नर्स होऊन जखमी हिंदी शिपायांच्या उशाशी बसली. दुसऱ्या महायुद्धात बर्मात जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीच्या मागोमाग बायकांची फिरती कॅन्टीन होती, त्यात बहुतेक ब्रिटिश आणि अँग्लो-बर्मी बायका होत्या, पण त्यांचा चहा पिणाऱ्यांत आपले शिपाई ढिगाने होते. आणि १९४२ मध्ये भारतात विमेन्स ऑक्झिलरी कोअर, म्हणजे सैन्याच्या मदतीला बायकांचं दल, उभी राहिली, त्यात ११ हजारांच्या वर मुली होत्या, टायपिंग, टेलिफोन एक्स्चेंज, सिग्नल असली कामं, तिच्या नौदल शाखेतल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला जाऊन आल्या.

फराळाच्या टोल्याला उत्तर आमच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त सुभेदार काकांनी दिलं, म्हणाले पोस्टवर डबा उघडला की आधी सगळे वास घ्यायचो, चकली कुणाच्या वाट्याला किती ते नंतर. मी त्यात काही भर घालत नाही.

एवढंच सांगते, ती विमेन्स ऑक्झिलरी कोअर १९४७ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर डॉक्टर आणि नर्स सोडून आपल्या सैन्यात बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ उजाडलं.