खुलासा: आर्क्टिकमधलं ते जंगल विषुववृत्तावर वाढलं नव्हतं

कॅनडाच्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावरच्या जीवाश्म-जंगलाचा फोटो ‘ही जमीन तेव्हा विषुववृत्तावर होती’ अशा ओळीसह फिरतोय. ते चूक आहे. सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीही हे बेट आर्क्टिक वृत्ताच्या बरंच आत होतं. उबदार होतं ते हवामान. तिथला मेटासेक्वोया हा वृक्ष सूचिपर्णी असूनही पानं गाळतो, आणि कित्येक महिने ऊन नसलेल्या हिवाळ्यात ते सोयीचंच. गोंधळ बहुधा शेजारच्या एल्समिअर बेटावरच्या टिक्टालिक या माशाच्या जीवाश्मामुळे झाला असावा. तो मासा ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा मात्र तो भूभाग खरोखरच विषुववृत्ताजवळ होता.

शिवाय ही झाडं ‘दगड झालेली’ नाहीत. गाळात झटपट गाडली गेल्याने लाकडाच्या जागी खनिजं भरली नाहीत. ते आजही करवतीनं कापता येतं, जळतंही. उघडं पडलं की वाळून तडकतं.